खानदेशची पेठ, पाट आणि बाग

परदेशप्रवासाची वर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रवासी चीनमधील ग्वांगजौसारख्या एखाद्या शहरात गेला, की तेथील मंदिरे आणि मनोरे पाहून झाल्यावर सुट्टीच्या दिवशी सकाळी तो हमखास बागेत आणि बाजारात शिरतो. बागेत संथ लयीत व्यायाम करणारी वृद्ध माणसे, झाडाला पिंजरा टांगून पक्ष्याचे गाणे ऐकत बसलेले आजोबा, बाजारातील ओळखीच्या व अनोळखी भाज्यांचे ढीग यांचे वर्णन तो मोठ्या हौसेने करतो. शहराचे खरे आयुष्य आपल्याला येथेच भेटले, असे त्याला वाटते. आणि ते खरेही असते. आपल्याकडील शहरांविषयी मात्र अशी जिज्ञासा आपल्याला क्वचितच वाटते. जळगाव म्हणजे अजिंठ्याला जाण्यासाठी उतरावयाचे स्थानक आणि धुळे म्हणजे आग्रा रोडवरील चहापाण्याचा थांबा, एवढीच पुष्कळांची खानदेशशी ओळख असते.

वास्तविक रविवारचा पहिला मिस्सा आटोपून दोन-तीन तास पायी फिरण्याची तयारी ठेवली, तर या दोन शहरांच्या पेठा आणि बागा दोनशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उलगडून ठेवतात. तो इतिहास लढायांचा नाही. ओस पडलेल्या मुलखात माणूस परत कसा आला, त्याला कोणी बोलावले, तो कशाच्या आधाराने टिकला, आणि त्या बाजारात कोणाला जागा मिळाली व कोणाला मिळाली नाही, याचा तो इतिहास आहे.

ओस गाव आणि नवी पेठ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशची जी दशा झाली होती, तिची कल्पना आज करणे कठीण आहे. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी या मुलखात लुटालूट केली. त्यापाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ आला. शेतात पेरावयास दाणा नाही, बांधावर राखण करावयास माणूस नाही, अशी अवस्था झाली. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आणि अरब शिबंदीचा जुलूम यांनी उरलेसुरले लोकही परागंदा झाले. गढ्या ढासळल्या, विहिरी बुजल्या, शेतांत झाडी माजली आणि पूर्वी जेथे नांगर चालत होता तेथे वाघ फिरू लागले.

धुळे हे अशाच ओस पडलेल्या गावांपैकी एक. जवळच्या लळिंग किल्ल्याच्या सावलीत वाढलेले हे लहानसे गाव १८०३ च्या दुष्काळात पार रिकामे झाले. दुसऱ्या वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीन व हक्क मिळाले. आजही ‘जुने धुळे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात फिरताना वाटा वळणे घेत जातात, घरे एकमेकांना टेकून उभी असतात. गाव आपल्या गरजेप्रमाणे वाढत गेले की त्याची अशीच ठेवण होते.

तेथून नव्या धुळ्यात पाऊल टाकले की चित्र एकदम बदलते. गल्ल्या सरळ होतात आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळतात. गल्ली नंबर एक, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा अशा पत्त्यांवर धुळेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. ही रचना पाहून काही जण तिचे श्रेय थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देतात. विश्वेश्वरय्यांचा धुळ्याशी संबंध होता, हे खरे. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक याच भागातील होते. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे त्यांनी पाटाचे पाणी नळातून पलीकडे नेले. परंतु नवे धुळे आखले गेले ते त्यांच्या जन्माच्याही चाळीस वर्षे आधी.

ते आखले कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने. १८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेशचा कारभार ब्रिग्जकडे आला. फारसी जाणणारा, इतिहासाची गोडी असलेला हा मनुष्य. फेरिश्ताच्या इतिहासग्रंथाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलखाच्या मध्यभागी आणि मुंबई-आग्रा मार्गावर असलेले धुळे त्याने मुख्य ठाणे म्हणून निवडले. १८१९ च्या जानेवारीत तेथे सरकारी कचेऱ्या बांधण्यास त्याला मंजुरी मिळाली. दूरदूरच्या गावांहून गवंडी-सुतार आणले गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र कचेऱ्यांच्या पुढची आहे. नव्या पेठेत येऊन राहणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने देण्यात आली, आणि पक्के घर बांधावयास आगाऊ रक्कमही देण्यात आली. ही सवलत जुन्या रहिवाशांना होती तशीच बाहेरून येणाऱ्या परक्यांनाही होती.

त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. १८७२ च्या शिरगणतीत हा आकडा १२,४८९ वर गेला. याच १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला आणि शहराचे अतोनात नुकसान झाले. तरी गाव पुन्हा ओस पडले नाही. त्रेपन्न वर्षांत ते तेवढे रुजले होते.

ब्रिग्जने हे सारे भूतदयेपोटी केले, असे समजण्याचे कारण नाही. उजाड रानातून महसूल मिळत नाही, हे सरकारला कळत होते. तथापि त्या व्यवहारी बुद्धीतही एक शहाणपण होते. तोफा लावून किल्ला घेता येतो. पण वाण्याला दुकान मांडावयास, कासाराला भट्टी पेटवावयास आणि माळ्याला भाजीची पाटी घेऊन बसावयास तोफेच्या बळावर आणता येत नाही. उद्या सकाळी आपला माल आणि आपले घर जागेवर असेल, असा भरवसा त्याला वाटावा लागतो. आग्रा रोडवरून पाचकंदीलच्या भाजीबाजाराकडे जाताना दुतर्फा जी गर्दी, जो कोलाहल आणि अहिराणीतून चाललेली जी घासाघीस ऐकू येते, तिच्या मुळाशी हा भरवसा आहे.

पाटाचे पाणी

नुसती पेठ आखून माणसे जगत नाहीत. बाजारात आणावयास माल पिकावा लागतो. ब्रिग्जने पाहिलेले धुळे नदी आणि पाट यांच्या मध्ये वसलेले, भोवती बागायत असलेले गाव होते. हा ‘पाट’ आणि ही ‘बागायत’ नीट समजून घेतल्याशिवाय खानदेशी बाजार समजत नाही.

खानदेशात ‘बाग’ म्हणजे फिरावयाची जागा, हा अर्थ फार अलीकडचा. जुना शेतकरी बाग म्हणतो तेव्हा त्याला पाण्याखालची जमीन अभिप्रेत असते. पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी शेकडो वर्षांपासून लहान-लहान बंधारे घालून पाटाने पाणी शेतांत खेळविण्याची पद्धत होती. तिला ‘फड पद्धती’ म्हणतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडावयाचे. त्या प्रत्येक भागाला फड म्हणावयाचे. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात हंगामी पीक, हे सर्व खातेदारांनी एकत्र बसून ठरवावयाचे आणि पुढच्या वर्षी पिकांची पाळी बदलावयाची. पाणी सोडावयास पाटकरी आणि पिकाची राखण करावयास जागल्या, हे गावाने नेमलेले. त्यांचा मोबदलाही खातेदारच देत.

या पद्धतीतील न्याय पाहण्यासारखा आहे. एका माणसाची जमीन साधारणतः निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी तोकडे पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा एकट्याचा न होता सर्वांचा थोडाथोडा होई. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला गबर झाला आणि शेपटाकडचा भिकेला लागला, असे सहसा घडत नसे. आज धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. तरी साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेच्या काठाने फिरताना जुने दगडी बंधारे दिसतात, आणि काही गावांत ती रीत अद्याप ओळखू येते. पाणी वाटून घेण्याची ही बुद्धी कोणत्याही सरकारने शिकविलेली नाही. ब्रिग्ज येण्यापूर्वी ती येथे नांदत होती, आणि तिच्याच जिवावर त्याची पेठ उभी राहिली.

धुळ्याच्या रविवारांशी आणखी एक आठवण निगडित आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत ओळीने अठरा रविवार गीतेवर प्रवचने केली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती उतरून घेतली. शहराच्या एका टोकाला बाजार गजबजलेला असताना दुसऱ्या टोकाला भिंतीआड एक ग्रंथ आकार घेत होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे १९२६ मध्ये याच शहरात निधन झाले आणि त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी १९२७ मध्ये येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. पेठेत हिंडून झाल्यावर ज्याला तासभर सवड असेल, त्याने या वास्तूकडेही वळावे.

रुईचे गाव

धुळे सरकारने वसविले, तर जळगाव रेल्वेने आणि कापसाने वाढविले. १८६० च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ या बाजूला आले. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे अडविली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याने मुंबईकडे हात पसरले आणि मुंबईच्या दलालाने खानदेशकडे. तोपर्यंत साधारण खेडेगाव असलेले जळगाव पाहता पाहता कापसाची मोठी पेठ झाले. १८६२ मध्ये धुळ्यास नगरपालिका झाली होती. १८६४ मध्ये जळगावासही झाली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले आणि ज्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर कर्जे काढली होती ते बुडाले. दूरच्या देशात तोफा थांबल्या आणि खानदेशातील घरांत चुली थंडावल्या, असा हा विलक्षण हिशेब होता.

गाव मात्र टिकले. १८७० च्या दशकात खानदेश मिल उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर गावाची सकाळ सुरू होऊ लागली. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशचे धुळे. जवळच भुसावळला रेल्वेचे मोठे केंद्र झाले, आणि तेथील वसाहतीत गोमंतकीय व अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबेही राहावयास आली. खानदेशच्या मातीशी आपल्या समाजाचा संबंध असा रुळांवरून जुळला. पुढे मिल बंद पडली. आज त्या जागेवर नव्या धर्तीचे व्यापारी संकुल आहे आणि भोंग्याची आठवण काढणारी माणसे विरळ होत चालली आहेत.

जळगावची नवी पेठ, पोलन पेठ, बळीराम पेठ, शनिपेठ ही नावे वाचली तरी गाव बाजारातून कसे वाढले ते कळते. दाणा बाजारात डाळी आणि कडधान्यांच्या गोण्या, सराफ बाजारात सोने घेण्यासाठी दूरदूरच्या खेड्यांतून आलेली लग्नघरची मंडळी, फुले मार्केटमध्ये कपड्यांची झुंबड, असा येथील दिवस. शेतकऱ्याच्या हाती कापसाचे आणि केळीचे पैसे आले, की ते या सोन्याच्या पेढीकडे वळतात. बँकेपेक्षा बायकोच्या गळ्यात बचत सुरक्षित राहते, हा दुष्काळांनी शिकविलेला धडा आहे.

थंडीच्या दिवसांत भाजीबाजारात शिरावे. भरताची फिकट हिरवी, टपोरी वांगी हारीने मांडलेली असतात. शेजारी हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात. वांगी काड्यांच्या जाळावर भाजून केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी हे या ऋतूचे भोजन. या वांग्यांना आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तसेच मेहरूणची बोरे. मेहरूण हे जळगावलगतचे गाव; त्याच्या तलावाचे पाणी एकेकाळी शहरास पुरविले जात असे.

केळीचे गोत्र

येथवर आलेल्या वाचकास वाटेल, की प्रारंभी उल्लेखिलेल्या चिनी शहराचा आणि खानदेशचा काही संबंध नाही. पण बाजारातील टोपल्या वेगळेच सांगतात.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा केळीचा पट्टा. येथील केळी रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांवरून रेल्वेच्या डब्यांतून दिल्लीकडे जाऊ लागली आणि या भागाचा कायापालट झाला. खानदेशात दीर्घकाळ लावली जाणारी ‘बसराई’ ही बुटक्या कॅव्हेंडिश जातीची केळ. आज सर्वत्र दिसणारी ‘ग्रँड नैन’ही त्याच कॅव्हेंडिश गोत्रातील. या बुटक्या जातीची रोपे १८२६ च्या सुमारास दक्षिण चीनमधून मॉरिशसला गेली, तेथून इंग्लंडला आणि तेथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या काचघरात वाढली. त्याच्या घराण्याचे आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून जातीला ते नाव चिकटले. अर्थात ग्वांगजौच्या बाजारात टांगलेला घड आणि जळगावच्या हातगाडीवरील घड हे एकाच घराण्याचे. वसईच्या वाडीतील राजेळीला मात्र या घराण्यात जागा नाही. तिचे गोत निराळे आणि तिच्या सुकेळ्यांची गोडीही निराळी.

केळीच्या आधी कापूस होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कँटन, आजचे ग्वांगजौ. मुंबईच्या गोद्यांतून रुईच्या गाठी तिकडे जात आणि परतीच्या गलबतांतून चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी येत. आपल्या घरातील ‘चहा’ हा शब्ददेखील मूळचा चिनीच. कागदाचा शोधही चीनचा. आणि यावल हे गाव एकेकाळी हातकागदासाठी आणि निळीसाठी नावाजलेले होते. त्याही पूर्वी, सातव्या शतकात, युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. डोंगराच्या अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. जळगावला उतरून अजिंठ्यास जाणारा आजचा पर्यटक त्याच्याच दिशेने चाललेला असतो.

या देवाणघेवाणीला एक काळी बाजूही आहे. माळव्याची अफू १८३० नंतर सरकारी परवाने घेऊन उघडपणे मुंबईस येऊ लागली आणि तेथून चीनला जाऊ लागली. माळव्याहून मुंबईकडे उतरणारी वाट खानदेशातून होती. ज्या सडकेने धुळ्याच्या पेठेला भरभराट दिली, त्याच बाजूने एका परक्या देशातील शहरांना पोखरणारे विष वाहून नेले जात होते. चीनच्या बादशहाने ते अडविले, तेव्हा १८३९ मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारले. मुंबईतील कित्येक सुंदर वास्तू आणि धर्मादाय संस्था या व्यापाराच्या नफ्यातून उभ्या राहिल्या. बाजार हा माणसांना जोडतो हे खरे. पण तो काय वाहून नेतो याचा विचार तो स्वतः करीत नाही. तो विचार करणे माणसाकडेच राहते.

पाटीच्या पलीकडचा माणूस

ब्रिग्जने परक्यालाही पेठेत जागा दिली, असे आपण म्हटले. परंतु जो परका नव्हता, ज्याचे पूर्वज या सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या उतरणीवर सर्वांच्या आधीपासून राहत होते, त्या भिल्लाला कोणती जागा मिळाली? प्रथम त्याच्यावर फौजा पाठविल्या गेल्या. त्या पुरत नाहीत असे दिसल्यावर धोरण बदलले आणि १८२५ मध्ये लेफ्टनंट औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली. बंडखोराला शिपाई केले, काहींना जमिनी दिल्या. बाजारात मात्र तो आला तो विकणारा म्हणून कमी आणि ऋणको म्हणून अधिक. मोहाची फुले, डिंक, चारोळी घेऊन उतरावयाचे आणि मीठ, कापड घेऊन परतावयाचे. वजनमाप समोरच्याचे, वही समोरच्याची, आकडा समोरच्याचा. शहादा-तळोदा भागात अनेकांच्या जमिनी अशा वह्यांतूनच गेल्या. त्या परत मिळविण्यासाठी अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले आणि १९७२ मध्ये शहादा येथे श्रमिक संघटना उभी राहिली. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत ‘भोंगऱ्या बाजार’ भरतो. शहरी माणूस त्याविषयी चटकदार दंतकथा सांगतो, की येथे तरुण-तरुणी पळून जाऊन लग्न करतात. वस्तुतः तो होळीच्या सणासाठी गूळ, डाळ्या, हार-कंगन आणि नवे कपडे विकत घेण्याचा बाजार आहे. ढोल वाजतात, नातलग भेटतात, वर्षभराचे सुखदुःख बोलले जाते. आदिवासी येथे कर्ज मागावयास येत नाही. आपल्या सणाची खरेदी करावयास ताठ मानेने येतो. खानदेशातील सर्व बाजारांत हा बाजार म्हणूनच अधिक पाहण्यासारखा आहे.

शहरांच्या चौकांत सकाळी आणखी एक बाजार भरतो. त्यात कोणतीही वस्तू मांडलेली नसते. घमेले-फावडे घेऊन उभे असलेले मजूर कोणी कामाला नेईल याची वाट पाहतात. ऊन चढले की काही जण उरतात. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात बाजारात रिकामे उभे असलेले मजूर आपण मिस्सात पुष्कळदा ऐकले आहेत. धुळ्याच्या किंवा जळगावच्या चौकात ते प्रत्यक्ष दिसतात. ज्यांना येथेही काम मिळत नाही, अशी कितीतरी आदिवासी कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात आणि मुलांची शाळा तेवढे महिने मागे पडते.

फिरावयाची बाग

उन्हे कोवळी आहेत तोवर मेहरूण तलावाकडे जावे. काठाने फिरणारी निवृत्त मंडळी, धावणारी मुले, पाण्यावर उतरलेले पक्षी पाहून क्षणभर वाटते, की चिनी शहरातील बागेचे वर्णन येथेही थोड्याफार फरकाने लागू पडेल. शहरात गांधी उद्यान आहे, आणि भवरलाल जैन यांच्या स्मरणार्थ असलेले भाऊंचे उद्यान आहे. शहराबाहेर जैन हिल्सवर गांधीजींच्या जीवनावरील ‘गांधी तीर्थ’ हे संग्रहालय २०१२ मध्ये खुले झाले. बालकवी ठोमरे यांचा जन्म धरणगावचा आणि बहिणाबाई चौधरींचा शेजारच्या असोद्याचा. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर आहे. शेतात राबताना आणि जात्यावर बसताना तिला जे सुचले, ते घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून उरले. १९५१ मध्ये तिचे निधन झाल्यावर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले. खानदेशातील बागेचा जुना अर्थ, म्हणजे कष्टाने भिजविलेली जमीन, तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

शहरे वाढत आहेत. २००३ मध्ये दोन्ही ठिकाणी महानगरपालिका झाल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला की मोकळी जागा सर्वांच्या डोळ्यांवर येते. मैदान, नदीकाठ, तलावाचा परिसर, भाजीवालीची पथारी या सर्वांवर कोणाचा तरी हक्क सांगितला जातो. हे थांबविणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पण निर्णय घेताना या शहरांचा स्वतःचाच इतिहास हाताशी ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. धुळे वसले ते येणाऱ्याला बसावयास जागा दिली म्हणून. पांझराकाठ हिरवा राहिला तो पाणी आणि टंचाई दोन्ही वाटून घेतली म्हणून. आणि जेथे वही, माप आणि जागा एकाच्याच हाती राहिली, तेथे बाजार भरला खरा, पण त्याने माणसे देशोधडीला लावली.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे वाडवडील वसईच्या वाडीतील भाजी-केळी डोक्यावर घेऊन मुंबईच्या बाजारांत बसलेले आहेत. पहाटेची गाडी, जागेसाठी होणारी ओढाताण, संध्याकाळी उरलेल्या मालाची चिंता हे सारे आपल्या घरांतही सांगितले जाते. त्या आठवणी लिहून ठेवण्याचे काम अजून पुष्कळसे बाकी आहे. प्रत्येक धर्मग्रामातील दोन-चार तरुणांनी आपल्या गावच्या बाजाराची जागा, तिचा दिवस, तेथे बसणारी घराणी, पाण्याची जुनी वाटणी यांची वृद्धांना विचारून नोंद केली, तर तो आपल्या समाजाच्या इतिहासाचा मोलाचा भाग होईल. आणि खानदेशकडे जाण्याचा योग आला, तर अजिंठ्याची गाडी पकडण्यापूर्वी जळगावच्या भाजीबाजारात तासभर अवश्य घालवावा. टोपलीमागे बसलेल्या आजीला भाव विचारण्याआधी तिचे गाव विचारावे. तिच्याकडून जे कळेल ते कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाही.